आधी आवाज, मग चित्र: लाइव्ह मिक्सिंग, गिटारची निगा आणि भटकंतीचे व्हिडिओ

मिक्सरवर बसणारा, गिटारच्या तारा बदलणारा आणि सुट्टी मिळाली की डोंगराकडे पळणारा माणूस पुष्कळदा एकच असतो, त्यामुळे एकाच चॅनलवर हे तिन्ही विषय नांदायला हरकत नाही. प्रेक्षकही एका अर्थाने सारखाच. त्याला बघून स्वतः करून पाहायचं असतं. म्हणून हात काय करतोय ते दिसलं पाहिजे आणि त्याने काय बदललं ते ऐकू आलं पाहिजे. दिसण्याची बाजू कुठलाही बरा फोन सांभाळून घेतो. ऐकू येण्याची बाजू मात्र तोच फोन बिघडवतो.

कारण फोनमध्ये आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते, आपोआप वरखाली होत असतो. शांतता पडली की वाढतो, मोठा आवाज आला की खाली येतो. तुम्ही फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी) ६ डेसिबलने (डीबी) खाली आणून दाखवलात की फोन तो फरक भरून काढतो. जुन्या आणि नव्या तारांमधला फरक पुसट होतो. डोंगरावर दोन वाक्यांच्या मध्ये वाऱ्याची घरघर फुगून येते. हा ऑटो गेन बंद करणं हे पहिलं काम. फोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये तशी सोय बहुधा सापडत नाही. मग आवाजाचं नियंत्रण हाती देणारं ॲप वापरा, किंवा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या.

बाकीच्या सेटिंग्ज एकदाच ठरवून विसरून जायच्या. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ४४.१ हे सीडीचं माप आहे. ४४.१ ची फाइल चुकून ४८ म्हणून वाचली गेली तर आवाज वरच्या पट्टीत जातो आणि वेगही सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. सगळ्यात मोठा ठोका -१२ ते -१० डीबीएफएसवर (यात शून्य ही डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा) राहील एवढाच गेन ठेवा. शून्याला धडकलेला आवाज कापला जातो आणि नंतर कुठल्याही प्लगइनने पूर्ववत होत नाही. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर ही चिंता बरीच कमी करतो, पण आवाज माइकपाशीच फाटत असेल तर तिथे त्याचाही इलाज चालत नाही.

चित्रासाठी, जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे २५ फ्रेम आणि १/५० शटर, ६० हर्ट्झ असेल तिथे ३० फ्रेम आणि १/६०. हे पाळलं नाही तर ट्यूबलाइट लुकलुकते. स्टेजवरचे एलईडी मात्र स्वतःच्याच वेगाने उघडझाप करतात, त्यामुळे तिथे शटर थोडं मागेपुढे करून पट्टे जातात का ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. कार्डाचा हिशोबही आधीच करा. ६० एमबीपीएसने (सेकंदाला ६० मेगाबिट) तासाला २७ जीबी, म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमाला ५४. ६४ जीबीचं कार्ड काठावर येतं, १२८ जीबीचं घ्या आणि त्यावर व्ही३० ची (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची) खूण आहे ना ते बघा.

मिक्सरमधून आवाज घेताना

“मिक्सरमधून थेट लाइन घ्या” हा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धाच खरा आहे. लहान हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचे ॲम्प्लिफायर स्वतःच एवढे मोठे वाजतात की पीएमध्ये (हॉलच्या स्पीकरमध्ये) ते नावापुरतेच घातलेले असतात. तिथला मेन आउट (स्पीकरकडे जाणारा मुख्य मिक्स) रेकॉर्ड केला की गाणारा कानाशी येतो आणि ड्रम शेजारच्या खोलीत वाजल्यासारखे वाटतात. यात मिक्स करणाऱ्याची चूक नाही, त्याने हॉलसाठी मिक्स केलेलं असतं.

डिजिटल मिक्सर असेल तर यूएसबीवरून प्रत्येक चॅनल वेगळा घ्या, प्रीॲम्पनंतर (माइकचा आवाज वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्यानंतर) आणि फेडरच्या आधी. १६ चॅनल ४८/२४ ने तासाला सुमारे ८.३ जीबी होतात. आजच्या डिस्कच्या मानाने काहीच नाही. हे शक्य नसेल तर एक मोकळा स्टिरिओ ऑक्स (वेगळा मिक्स काढायचा जादा आउटपुट) व्हिडिओसाठी राखून ठेवा. तो पोस्ट-फेडर (फेडरनंतर घेतलेला) ठेवायचा, म्हणजे मूळ मिक्समध्ये केलेले चढउतार आणि म्यूट इथेही आपोआप येतात, आणि त्यात ड्रम, बेस, गिटार हॉलच्या मिक्सपेक्षा वर घ्यायचे. किती वर, ते कार्यक्रम चालू असताना हेडफोनवरून ठरवू नका, बाहेरचा दणदणाट हेडफोनमध्ये झिरपतो आणि अंदाज हमखास चुकतो. साउंडचेकमध्ये दोन मिनिटं रेकॉर्ड करा, बाहेर जाऊन ऐका, मग ऑक्स हलवा.

कुठलाही मार्ग घेतलात तरी हॉलचा आवाज पकडणारे दोन माइक हवेतच. त्यांच्याशिवाय टाळ्या दूरच्या येतात आणि सगळं कोरडं वाटतं. मिक्सरजवळ, प्रेक्षकांच्या डोक्याच्या वर, सव्वादोन-अडीच मीटर उंचीवर लावा. मागच्या भिंतीला चिकटवू नका, भिंतीशी बेस साचतो. आता यातली मेख: आवाज २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास २.९ मिलिसेकंद लागतात. माइक स्टेजपासून १५ मीटरवर असतील तर त्यांच्यातला आवाज मिक्सरच्या लाइनपेक्षा ४४ मिलिसेकंद मागे असतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेव्हा हा उशीर एका फ्रेमहून मोठा. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले की स्नेअरचा (कडक, तीक्ष्ण आवाजाच्या ड्रमचा) प्रत्येक ठोका दोनदा पडतो. एडिट करताना स्नेअरचा एक स्पष्ट ठोका शोधा आणि हॉलचा ट्रॅक टोकाला टोक जुळेपर्यंत डावीकडे, आधीच्या वेळेकडे ओढा. मग तो लाइनच्या १२ डीबी खाली ठेवून हळूहळू वर घ्या. हॉल जाणवायला लागला की किंचित खाली आणून सोडून द्या.

वायरिंगमध्ये चार ठिकाणी घोळ होतो. पहिला म्हणजे लाइन लेव्हल माइकच्या सॉकेटमध्ये. व्यावसायिक मिक्सरची +४ डीबीयू लाइन म्हणजे १.२३ व्होल्ट, आणि कॅमेऱ्याचा माइक सॉकेट काही मिलिव्होल्टची अपेक्षा करतो. कॅमेऱ्यात गेन अगदी शून्याजवळ नेला तरी आवाज फाटकाच येतो, कारण तो गेनच्या आधीच फाटलेला असतो. मध्ये २५ ते ४० डीबीचा पॅड (आवाज कमी करणारी जोडणी) लावा.

दुसरा घोळ जास्त लबाड. एक्सएलआरचा (तीन पिनांच्या सॉकेटचा) बॅलन्स्ड मोनो आउट, म्हणजे एकच आवाज सरळ आणि उलटा अशा दोन तारांतून पाठवणारा, साध्या केबलने ३.५ मिमीच्या स्टिरिओ सॉकेटमध्ये घातला, की सरळ सिग्नल डावीकडे आणि उलटा सिग्नल उजवीकडे जातो. हेडफोनवर आवाज थोडा विचित्र, पसरट लागतो, पण लागतो. तोच व्हिडिओ एका स्पीकरच्या फोनवर लावला की दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात आणि गायक गायब होतो. असं रेकॉर्डिंग हाती आलं तर घाबरू नका, उजवी बाजू टाकून द्या आणि डावी दोन्हीकडे कॉपी करा.

तिसरा, लॅपटॉप चार्जरवर असताना येणारी घुंघुं. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. गेली, तर तो ग्राउंड लूप (अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेल्याने येणारी घुंघुं) आहे, आणि त्यावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्ट (जमिनीची जोडणी तोडायचं बटण) असलेला डीआय बॉक्स (वाद्याची किंवा लॅपटॉपची लाइन मिक्सरला जुळवणारी डबी) हा उपाय. प्लगची अर्थिंगची पिन काढून घुंघुं घालवणाऱ्यांचं ऐकू नका, त्याच अर्थिंगवर माइकला ओठ लावणाऱ्या गायकाचा जीव अवलंबून असतो. चौथा साधा आहे: रेकॉर्डरच्या इनपुटवरचा ४८ व्होल्ट फँटम (माइकला वायरीतून मिळणारी वीज) बंद करा, मिक्सरच्या आउटपुटमध्ये तो उलटा जायला नको.

मिक्सिंग शिकवणारा व्हिडिओ

असा व्हिडिओ कार्यक्रम चालू असताना चित्रित करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा हात बँडसाठी चालतात आणि तोंड प्रेक्षकांसाठी, दोन्हीकडे चुका होतात. मल्टिट्रॅक (प्रत्येक चॅनलचं वेगळं रेकॉर्डिंग) हाताशी असेल तर मोकळ्या दिवशी तेच ट्रॅक मिक्सरच्या चॅनलमध्ये परत सोडा आणि निवांत शिकवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. गेन, मग लो कट (खालचे स्वर कापणं), मग ईक्यू (स्वरांचे पट्टे कमीजास्त करणं), मग कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणं), शेवटी रिव्हर्ब (घुमारा). गाण्याच्या माइकवर ८० ते १०० हर्ट्झचा लो कट, गढूळपणासाठी २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा, टोचरेपणासाठी २ ते ४ किलोहर्ट्झ, सकारांच्या शिट्ट्यांसाठी ५ ते ८. प्रत्येक बदलाआधीचे आणि नंतरचे आठ-आठ सेकंद, गाण्याच्या त्याच ओळीवर, मध्ये न बोलता. आणि दोन्हींची पातळी सारखी करा. कानाला मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो, त्यामुळे ईक्यूने ३ डीबी वाढले असतील तर फेडर तेवढाच खाली. नाहीतर तुम्ही ईक्यू शिकवत नाही, आवाज वाढवणं शिकवताय.

मिक्सरचा पडदा कॅमेऱ्यात पांढराफटक येतो. एक्सपोजर पडद्यावर लॉक करा, किंवा मिक्सरचं टॅबलेट ॲप असेल तर त्याचंच स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या. फीडबॅकची शिटी दाखवायची असेल तर आधी सूचना द्या आणि एडिटमध्ये ती बोलण्यापेक्षा खाली आणा. बघणाऱ्याच्या कानात इअरफोन असतो.

गिटार: जुन्या तारा काढायच्या आधी

तारा बदलण्याचा व्हिडिओ करताना सगळ्यात जास्त हुकणारी गोष्ट म्हणजे जुन्या तारांचा आवाज. तारा कापल्या की तो गेला. म्हणून पक्कड हातात घ्यायच्या आधी रेकॉर्डिंग करा. माइक १२ ते १४ व्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी), २० ते ३० सेंटिमीटरवर. साउंडहोलसमोर धरला तर नुसता घुमारा येतो. स्टँडचे पाय आणि खुर्ची जमिनीवर टेपने खुणा करून ठेवा, गेनला हात लावू नका, तेच पिक, तीच कॉर्ड, विरून जाईपर्यंत वाजू द्या.

कॅमेरा वरून, टेबलावर सरळ खाली बघणारा. गिटारची मान एकदा ज्या बाजूला ठेवली ती शेवटपर्यंत त्याच बाजूला, मध्येच फिरवली तर बघणारा पहिली तार कुठली आणि सहावी कुठली यातच अडकतो. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर हात चौकटीत आला की दर वेळी कॅमेरा चाचपडतो. चकचकीत बॉडीवर दिव्याचं प्रतिबिंब पडत असेल तर कॅमेरा नको, दिवा हलवा. पोलरायझर (प्रतिबिंबं कमी करणारा लेन्सचा फिल्टर) लॅकरवरची चमक कमी करतो, फ्रेटच्या धातूवरची नाही. फ्रेटची झीज दाखवायची असेल तेव्हा मात्र दिवा एका बाजूने, जवळजवळ आडवा हवा, खाचांची सावली पडली तरच त्या दिसतात. तारा वाजताना नागमोडी दिसतात तो फोनच्या रोलिंग शटरचा (चित्र ओळीओळीने टिपण्याचा) खेळ आहे, १/५० शटरला तो बराच विरघळतो.

ॲकॉस्टिक गिटारची ब्रिज पिन (तारेचं टोक धरून ठेवणारी छोटी खुंटी) ट्यून करताना टणकन उडते, कारण तारेचा गोळा पिनच्या टोकाशी अडकलेला असतो. तो आतल्या ब्रिज प्लेटला टेकायला हवा. तारेचं टोक थोडं वाकवा, पिन दाबत असतानाच तार वर ओढा. हे आतून दिसत नाही म्हणून साउंडहोलमध्ये छोटा आरसा धरून एक शॉट घ्या, तो दहा वाक्यांचं काम करतो. खुंटीवर दोन ते तीन वेढे, एकाखाली एक. वेढे जास्त झाले की सूर सरकत राहतो. फ्लॉइड रोजसारखा तरंगता ब्रिज असेल तर सगळ्या तारा एकदम काढायच्या आधी ब्रिजखाली लाकडाची पट्टी किंवा घडी घातलेलं कापड द्या.

सेटअपचा व्हिडिओ करायचा तर क्रम बदलू नका: आधी मानेचा बाक, मग ॲक्शन (तारांची उंची), मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर जुळणं). मागचं हललं की पुढचं सगळं हलतं. गिटार सुरात लावलेली असताना पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), मान बॉडीला मिळते त्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजायची. ०.१५ ते ०.३० मिमी असेल तर ट्रस रॉडला (मानेचा बाक बदलणाऱ्या आतल्या दांडीला) हात लावायचं कारण नाही. फट जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, परत सुरात लावा, परत मोजा. चावी जड लागली तर तिथेच थांबायचं. हे वाक्य बोला आणि पडद्यावरही लिहा, कारण बघणारा तुमच्या हाताला जे करताना बघतो तेच करतो आणि जोर किती लागला ते व्हिडिओत दिसत नाही. फीलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पट्टीच्या) मागे पांढरा कागद धरला की फट स्वच्छ दिसते.

बाराव्या फ्रेटवरची उंची इलेक्ट्रिकला पातळ तारेखाली सुमारे १.५ आणि जाड तारेखाली २ मिमी, ॲकॉस्टिकला साधारण २ आणि २.५. इंटोनेशनला बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक ताडून बघायचे. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे.

तेल फक्त लॅकर नसलेल्या रोझवूड किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डला, थोडे थेंब, दोन मिनिटांनी पुसून, वर्षातून एक-दोनदा. लॅकर लावलेल्या मेपलला ते लागत नाही. नायट्रोसेल्युलोज किंवा शेलॅकच्या फिनिशवर अल्कोहोल असलेलं क्लीनर लावून दाखवू नका. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के.

डोंगरावर

वाऱ्यापुढे माइकवरचा फोम फारसा टिकत नाही, तो श्वासाच्या फुत्कारासाठी असतो. बाहेर केसाळ आवरण लागतं. वाऱ्याने फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, म्हणून लो कट रेकॉर्ड करतानाच चालू ठेवा. कॉलरचा माइक शर्टाच्या आत, दोन बाजूंनी टेप लावून आणि वायरीचा एक सैल वेढा ठेवून, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोहोचत नाही. पण खरा उपाय जागेचा. धारेवर उभं राहून बोलण्याऐवजी आडोशाला दोन मीटर खाली उतरा आणि वाऱ्याकडे पाठ करा. लांबलचक निवेदन तर मुक्कामी पोहोचून तंबूत रेकॉर्ड केलेलं बरं. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणी एक मिनिट गप्प राहून तिथला आवाज घ्या: पाणी, पावलांखालचा मुरूम, पाखरं. एडिट करताना हाच मिनिट सांधे बुजवतो.

कॅमेरा ठेवून पुढे चालत जाण्याचा शॉट सुंदर दिसतो आणि महाग पडतो. पुढे जायचं, कॅमेरा न्यायला परत यायचं, पुन्हा तेच अंतर चालायचं. १०० मीटरच्या शॉटला ३०० मीटर. दिवसाला असे दोन-तीनच ठरवा आणि दिवसाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, उतारावर एकही नको. दुसऱ्याचा दोर सांभाळत असताना हातात कॅमेरा धरायचा नाही. कॅमेरा दोरीने बांधलेला असावा, कड्यावरून सुटलेला कॅमेरा खालच्याला दगडासारखाच लागतो.

एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) उन्हात नेहमी लावावा असा एक गैरसमज आहे. तिवईवरून धबधबा घ्यायचा तर एनडी लावून शटर १/५० वर आणा. पण चालताना हातातल्या कॅमेऱ्याला तो काढून टाका. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चौकट स्थिर करतं, प्रत्येक फ्रेममधला धूसरपणा पुसत नाही, त्यामुळे मंद शटरला चित्र स्थिर राहून थरथरल्यासारखं दिसतं. उन्हात चालताना वेगवान शटरच बरं.

ढगांच्या टाइमलॅप्सचं गणित सोपं. २५ फ्रेमने १० सेकंद हवे तर २५० फोटो, पाच सेकंदांच्या अंतराने १२५० सेकंद, म्हणजे जवळजवळ २१ मिनिटं. तेवढा थांबा आहे का, ते आधी बघा.

थंडीत बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात. गार पडलेली बॅटरी संपल्यासारखी दाखवते आणि ऊब मिळाली की थोडी परत येते. गार कॅमेरा उबदार, दमट जागेत नेताना बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत गेल्यावर तो कोमट होईपर्यंत पिशवी उघडू नका, पाणी पिशवीवर जमेल, लेन्सवर नाही. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याच्या झाकणाच्या रबरावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं. विमानाने जायचं तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर, परवानगीशिवाय नेता येणाऱ्या १०० च्या आत.

व्हिडिओ परतल्यावरच टाका. वाटेतून टाकलेला व्हिडिओ तुम्ही कुठे आहात आणि घर रिकामं आहे, दोन्ही सांगतो. फाइलमधली जीपीएसची नोंद काढा. घरटी, नाजूक गुहा यांची नेमकी जागा सांगू नका.

जोडणं आणि टाकणं

वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज जुळवायला सुरुवातीला एक टाळी आणि शेवटीही एक. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. दशलक्षामागे २० चा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. शेवटची टाळी चुकलेली दिसली तर आवाजाची लांबी तेवढी ताणा, किंवा गाण्यागणिक कापून जुळवा.

अंतिम आवाज -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) -१ डीबी. यूट्यूब यापेक्षा मोठा आवाज खाली आणतं, पण लहान आवाज वर नेत नाही, म्हणून फार हळू ठेवलेला व्हिडिओ हळूच राहतो. बोलणं आणि वाजवणं यांच्यात प्रेक्षकाला दर वेळी व्हॉल्यूमची बटणं दाबावी लागू नयेत एवढं बघा. १०८० साठी ८ एमबीपीएस, ५०-६० फ्रेम असतील तर १२, आवाज एएसी ३८४ केबीपीएस.

बँडचा कार्यक्रम टाकायचा तर वाजवणाऱ्यांची आणि जागेच्या मालकाची परवानगी लेखी घ्या, मेसेज चालेल. दुसऱ्याचं गाणं वाजवलं असेल तर यूट्यूबचा कंटेंट आयडी ते ओळखून दावा लावू शकतो. दावा म्हणजे बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. स्ट्राइक (नियम किंवा कॉपीराइट मोडल्याची नोंद) वेगळा, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. भटकंतीच्या व्हिडिओंना संगीत हवं तर स्वतःची गिटार आहेच की.

विभाग पाडायला वर्णनात पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन वेळांच्या नोंदी आणि प्रत्येक विभाग किमान दहा सेकंदांचा. मापं वर्णनातही लिहा. हातात चावी धरलेला माणूस व्हिडिओ मागे ओढत बसू शकत नाही. शॉर्ट्स १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, पण उभ्या चौकटीत अख्खी मान बसत नाही, तिथे फक्त नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) किंवा फक्त ब्रिज दाखवा.

आधी अनलिस्टेड (फक्त लिंक असणाऱ्याला दिसेल असा) टाका, एचडी तयार होईपर्यंत थांबा, आणि एकदा इअरफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर शेवटपर्यंत ऐका. एकदा टाकलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही, कापणं, धूसर करणं असे मोजकेच बदल करता येतात. नंतर माप चुकल्याचं लक्षात आलं तर दुरुस्ती वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहा. चुकीने कोणाची मान तडकू शकत असेल, गिटारची किंवा माणसाची, तर व्हिडिओ काढून परत टाका.